उकडतं म्हणायचं नाही

राजाजीनगरच्या आमच्या घरात पंखा नव्हता. ऐपतीचा प्रश्न नव्हता. फ्रीज होता, रंगीत टीव्ही होता, मिक्सर दोन होते. पण बंगळूरच्या घरात पंखा लावणं म्हणजे गावाचा अपमान, असं माझ्या सासऱ्यांचं मत होतं. "पंखा मद्रासला लागतो," ते म्हणायचे, आणि विषय संपायचा. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना अक्का. घराणं तीनेकशे वर्षांपासून इथलं. मी पुण्याची. लग्न होऊन आले तेव्हा या घरातलं मराठी कळायला मला थोडा वेळ लागला, कारण त्यात 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' हे कन्नड शब्द मिठासारखे सगळीकडे असत. पंख्याचं मात्र पहिल्याच उन्हाळ्यात कळलं.

ही हकीकत नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली. तेव्हा मी पीएच.डी. करत होते. विषय होता उन्हाळी पर्यटन आणि बदलतं हवामान. आज हा विषय कोणालाही समजतो. तेव्हा समोरचा माणूस 'पर्यटन' ऐकून हसायचा आणि 'हवामान' ऐकून गप्प व्हायचा. माझा प्रश्न साधा होता. लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. ते ठिकाणच हळूहळू तापायला लागलं तर त्यांना ते कळतं का, आणि कळलं तर ते काय करतात? अभ्यासासाठी मी बंगळूरजवळची नंदीची टेकडी निवडली, कारण सकाळच्या पहिल्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता यायचं आणि सुनेने रात्री बाहेर राहायचा प्रश्न येत नव्हता. अभ्यासक्षेत्र का निवडलं यावर प्रबंधात पानंच्या पानं लिहावी लागतात. खरं कारण एवढंच होतं.

कामाची मी पहिल्यापासून चोख. हवामान खात्याच्या कचेरीत बसून जुने आकडे हाताने उतरवून आणले. प्रश्नावली कन्नड आणि इंग्रजीत करून घेतली. दोन उन्हाळे, मार्च-एप्रिलच्या रविवारी, टेकडीवर झाडाखाली उभी राहिले. जाताना पिशवी ठरलेली असायची: फॉर्म, जाड पुठ्ठा, जादा पेनं, सावलीत टांगायला थर्मामीटर, टोपी, आणि ताकाचा स्टीलचा कॅन. ताक अक्का करून द्यायच्या. आलं, मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर. उन्हातून आलेल्या माणसाला थांबवून चार पानं भरायला लावायची, तर त्याच्या हातात काही द्यायला नको का? आमच्या घरी विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालाही पाणी विचारल्याशिवाय सोडत नसत.

लोक आनंदाने फॉर्म भरत. आणि सगळ्यांना नंदीची हवा उत्तम वाटत होती. पूर्वीपेक्षा गरम वाटतं का? नाही. उकाड्याचा त्रास होतो का? अजिबात नाही. पुन्हा याल का? नक्की. खात्याचे आकडे सांगत होते की रात्रीचा पारा आता पूर्वीसारखा उतरत नाही, आणि माझी माणसं लिहून देत होती की इथे स्वर्ग आहे. मी निष्कर्षाचं प्रकरण लिहायला घेतलं: पर्यटकांना बदल जाणवत नाही.

नोंदणीला आधीच दोनदा मुदतवाढ मिळाली होती. शेवटची मुदत जूनअखेर संपणार होती. त्यानंतर प्रबंध सादर झाला नाही तर सगळं पहिल्यापासून, किंवा मग काहीच नाही. मेच्या सुरुवातीला माझ्याकडे शेवटची दोन प्रकरणं उरली होती, आणि मे म्हणजे आमच्याकडे पाहुणे.

पाहुणे दरवर्षी यायचे, थंड हवा खायला. नागपूरहून अण्णांची धाकटी बहीण यायची. ती या घरात जन्मलेली, नागपूरला दिलेली, सगळ्यांची आत्या. सोलापूरहून माझा चुलत दीर, त्याची बायको आणि त्यांच्या दोन मुली यायच्या. शिवाय येणारेजाणारे असत. म्हैसूरला जाताना एक दिवस, परत येताना दोन. त्या वर्षी अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी शेगडीजवळ जायला मनाई केली होती, म्हणून स्वयंपाकघर पूर्ण माझ्याकडे आलं. नवऱ्याचा कारखाना यशवंतपूरला. वीज पुरावी म्हणून त्या भागातल्या कारखान्यांना सुट्ट्या वाटून दिलेल्या, त्यामुळे त्याचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस बुधवार. रविवारी तो डबा घेऊन निघायचा.

मी अंघोळींचा क्रम लिहून न्हाणीघराच्या दाराला चिकटवला. कोण कुठे झोपणार, कोणाला कॉफी आणि कोणाला चहा, आत्याची पथ्यं, मुलींना लालबागेत कधी न्यायचं, सगळं आखलं. आत्या दाराशी उभी राहून तो कागद मोठ्याने वाचायची.

"बाप्पा! ही पोरगी लॉज चालवून राहिली. अण्णा, तुझा नंबर माझ्यानंतर आहे रे!"

"ठीकच आहे," अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे. "तू बाहेर आलीस की बंबातलं पाणी संपलेलं असतं. मी गार पाण्याने करतो. आपल्या गावात गार पाणी सोसतं."

घर सुरळीत चाले. आणि सुरळीत चाले म्हणूनच मला तिथून हलता येत नसे. एखादं काम मी नीट बसवलं की ते कायमचं माझं व्हायचं. प्रबंधाची पानं मी धान्याच्या डब्यांमागे ठेवली होती. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एखादा परिच्छेद व्हायचा. खिडक्या दुपारी बंद असायच्या, कारण अण्णांच्या मते उन्हाची झळ आत येते. संध्याकाळीही बंदच राहायच्या, कारण डास येतात. त्या बंद घरात आठ-नऊ माणसं घामाने निथळत बसलेली असत, आणि एकही जण उकडतं म्हणत नसे. हा नियम कोणी सांगितलेला नव्हता. नवा पाहुणा आला आणि त्याने शर्टाची कॉलर सैल केली, की जुना पाहुणा त्याच्याकडे बघायचा. तेवढं पुरायचं.

एका दुपारी सोलापूरचे दीर आणि जाऊबाई चिक्कपेठेतून खरेदी करून आले. जाऊबाईंच्या पाठीवर ब्लाउज चिकटला होता. दिरांचा रुमाल पिळण्याजोगा झाला होता. मी दोघांच्या हातात ताकाचा पेला दिला. दिरांनी एक घोट घेतला, अण्णांकडे बघितलं, आणि म्हणाले, "वा! काय गार हवा आहे हो तुमच्याकडे."

मी ताटली हातात धरून तिथेच उभी राहिले. हे वाक्य मला पाठ होतं. नंदीच्या फॉर्मांत मी ते इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटूनही वेगवेगळी अक्षरं दिसली असती. ज्या माणसाच्या हातात मी पेला दिला, तो माझा पाहुणा झाला. आणि पाहुणा यजमानाच्या गावाला नावं ठेवत नाही. दोन उन्हाळे मी टेकडीवर उभी राहून लोकांना ताक पाजत होते आणि नंतर विचारत होते, आमच्याकडची हवा कशी वाटली?

दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्ताने निघाले आणि बस पकडून विभागात गेले. माझे गाईड कन्नडिग. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण मला ते 'अम्मा' म्हणायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताक घरचं होतं?"

"घरचं."

"आलं घातलेलं?"

"हो, सर."

"मग मीसुद्धा हवा उत्तम आहे असंच लिहिलं असतं." ते खूप वेळ हसले. "निवडणुकीत या प्रकाराला वेगळं नाव आहे, अम्मा."

मला हसू येईना. तेव्हा ते गंभीर झाले. "दोन उन्हाळे फेकून द्यायचे नाहीत. पण त्यांच्या शेजारी ठेवायला एक कोरडा उन्हाळा पाहिजे. मेचे रविवार घ्या. तेच प्रश्न, तीच जागा, रिकामे हात."

"सर, मेमध्ये घरी पाहुणे असतात."

"मग त्यांनाच विचारा." लगेच त्यांनीच मान हलवली. "नको. नातेवाईक नकोत. ते तर जन्मापासून बांधलेले असतात." मग म्हणाले, "नाहीतर आहे तसा सादर करा. तपासणाऱ्याला ताक दिसणार नाही. पण आता ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुमच्या कृपेने मलाही."

मेचे तीन रविवार उरले होते. परत येताना मी बसमध्ये हिशेब मांडला. पहाटे स्वयंपाक करून ठेवायचा, पोळ्या फडक्यात, भात आयत्या वेळी लावायला जाऊबाई, वाढायला मुली. सगळं जमत होतं. फक्त अण्णांना विचारायचं जमत नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, तू विचार. तो बूट घालत म्हणाला, "तू विचारलंस तर ते नाही म्हणतील. मी विचारलं तर आधी मला रागावतील आणि मग नाही म्हणतील. वेळ वाचव."

शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी विषय काढला. पाहुण्यांसमोर अण्णा रागावत नाहीत, हे मी धरून चालले होते.

"अण्णा, उद्या मला नंदीला जायचं आहे. आणि पुढचे दोन रविवार."

"रविवारी? घर भरलेलं असताना?"

"सगळं करून जाईन. काय कधी वाढायचं ते लिहून ठेवते."

"लिहून ठेवलं म्हणजे पोळ्या आपल्या आपण ताटात येतात काय गं?" आत्या म्हणाली. सोलापूरच्या मुली खिदळल्या.

अण्णा हसले नाहीत. "तिथे लोकांना काय विचारतेस?"

"हवा बदलली असं वाटतं का, ते."

"कुठली हवा?"

"इथलीच. आपल्या बाजूची."

अण्णांनी पंगतीवरून नजर फिरवली. दिरांच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला होता. "ही मंडळी दरवर्षी येतात. नंदीला कशाला जायला पाहिजे? काय रे, बदलली का आमची हवा?"

"छे, छे, अण्णा!" दीर घाईने म्हणाले. "सोलापूरच्या मानाने तर हे म्हणजे..." आणि त्यांनी पुढचं वाक्य वरणभातात मिसळून टाकलं.

"बघ," अण्णा मला म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट मऊ होता. "पण तू शिकलेली आहेस. सरकारी आकडे आणलेस. तूच सांग, मुली. आपल्या घरात उकडतं?"

आमटीचं पातेलं माझ्या हातात होतं. नाही म्हटलं तर उद्या नंदीला जायचं कारणच उरत नव्हतं. ज्या गावात उकडत नाही तिथे हवा बदलल्याचं कोणाला विचारायचं? हो म्हटलं तर ज्या माणसाच्या परवानगीने दाराबाहेर पडायचं, त्याच्याच घराला त्याच्याच ताटावर नावं ठेवल्यासारखं होत होतं. फिरवून सांगता येईल असं वाक्य मी शोधलं. पुण्यात वाढलेल्या मुलीला अशी वाक्यं खरं तर यायला हवीत. मला एकही सुचलं नाही.

"उकडतं, अण्णा," मी म्हटलं. "बरीच वर्षं उकडतं."

मी आमटी वाढायला वाकले तेव्हा अण्णांनी ताटावर हात आडवा धरला.

"सरी," ते म्हणाले. "जा मग. विचारून ये."

ते उठून हात धुवायला गेले, आणि ते आत गेल्याबरोबर पंगत फुटली.

"खरं सांगू का वहिनी," जाऊबाई माझ्याकडे सरकून म्हणाल्या, "आल्यापासून मला धड झोप नाही. मी म्हटलं, मलाच काही होतंय की काय!"

"मी तर मनातल्या मनात बोलून राहिली होती," आत्याने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. "नागपूरला निदान कूलर तरी आहे! इथे नुसती अब्रू आहे."

सगळे मोठ्याने हसले. इतक्या वर्षांचा उकाडा एकदम बाहेर पडत होता. दिरांनी शर्टाची वरची दोन बटणं उघडली. हसणं मधल्या खोलीत अण्णांपर्यंत जात असणार, कारण आमच्याकडे खिडक्या बंद असल्या तरी भिंती पातळ होत्या. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरत त्या माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

"स्वल्प फिरवून सांगायचं गं."

"फिरवून सांगितलं असतं तर जायला मिळालं असतं का?"

त्यांनी विचार केला. "नसतं मिळालं," त्या म्हणाल्या, आणि उरलेली आमटी लहान भांड्यात काढायला लागल्या.

रविवारी मी ताकाशिवाय नंदीला गेले. फार वाईट गेला तो दिवस. माणसं थांबेनात. थांबली तर दुसऱ्या पानाशी फॉर्म परत देत. एक निवृत्त गृहस्थ मागच्या वर्षीही भेटले होते, त्यांनी मला ओळखलं. "यंदा मज्जिगे नाही?" ताक नाही म्हटल्यावर ते खट्टू झाले आणि मग पुठ्ठा मागून घेऊन कठड्यावर बसले. त्यांनी लिहिलं की ते तरुणपणी मेमध्ये इथे स्वेटर घालून यायचे, आता हातरुमाल घेऊन येतात, पुढच्या वर्षी येणार नाहीत. एका बाईने लिहिलं: भाजतंय. एवढंच. कोणी स्वच्छतागृहांबद्दल लिहिलं, कोणी माकडांबद्दल. पण हवेला स्वर्ग म्हणणारे फारच थोडे निघाले. एकाने तर मलाच ऐकवलं, "एवढ्या उन्हात उभ्या राहून हे विचारायला लागतं होय हो तुम्हाला?"

मी परत यायची तेव्हा घर दर आठवड्याला थोडं रिकामं झालेलं असे. उकडतं म्हणायची मुभा मिळाल्यावर राहायचं कारणही संपलं. सोलापूरकरांना अचानक मुलींच्या शाळेची कामं आठवली. आत्याने तिकीट बदलून घेतलं. जाताना तिने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "तू काही खोटं नाही बोलली. पण तो आता तुझ्याशी बोलणार नाही बघ." अण्णा तिला स्टेशनवर पोचवायला गेले आणि परत आल्यावर थेट व्हरांड्यात बसले.

तिचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. अण्णा बोलायचे, पण कामापुरतं. कॉफी झाली का. दूधवाला आला होता का. जूनमध्ये नवऱ्याने एके बुधवारी कोणाला न विचारता हॉलमध्ये पंखा बसवला. अण्णांनी आपली खुर्ची व्हरांड्यातून पुन्हा आत आणली नाही. मी त्याच हॉलमध्ये बसून प्रबंध पुरा केला. ताकाचे दोन उन्हाळे आणि कोरडा एक, शेजारी शेजारी. मुदत संपायच्या आदल्या दिवशी पाचही बांधीव प्रती विद्यापीठात दिल्या. हिवाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ताकाबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं, आणि तेच त्यांना आवडलं. घरी पेढे आले. अक्कांनी देवापुढे ठेवले. अण्णांनी एक घेतला.

नोकरीची चौकशी मी सुरू केली होती. जागा निघतील, असं सगळीकडे सांगत होते.

मार्चमध्ये एका सकाळी अण्णांनी मला व्हरांड्यात हाक मारली. त्यांच्या मांडीवर पोस्टकार्डं होती. त्यांची बोटं हल्ली थरथरायची. "तुझं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "मी सांगतो, तू लिही." कितीतरी महिन्यांनी ते माझ्याकडे बघून बोलत होते. मी पाट ओढून घेतला. पहिलं कार्ड आत्याला.

कुशल विचारून झालं. अक्कांचा डोळा बरा आहे, आंब्याला मोहर चांगला आहे. मग त्यांनी बाहेर बघितलं. रस्त्यावर रिक्षा तापून उभ्या होत्या.

"हवेचं काही लिहू नकोस," ते म्हणाले. "असं लिही: सूनबाईचा अभ्यास आता संपला. ती दिवसभर घरीच असते. मेमध्ये निवांत या."

मी पेन धरून थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर बोचरं असं काही नव्हतं. माझ्याशी समेट करायचा त्यांना हाच रस्ता सापडला होता. लोकांना बोलवायला आता त्यांच्याकडे हवा नव्हती, मी होते.

"लिहिलंस?"

"लिहिते, अण्णा."

मी लिहिलं. मग सोलापूरचं कार्ड घेतलं आणि तेच वाक्य तिथेही लिहिलं. आत्याचं उत्तर आठवड्याच्या आत आलं. येते म्हणाली, महिनाभर.